आठशे गेजची पन्नी

आमच्या गल्लीत छोटा हत्ती शिरला आणि त्यातून लोखंडी पाइपच्या सात कमानी उतरल्या, तेव्हा समोरच्या काकूंचा पहिला प्रश्न होता, "मांडव कोनाकडे?" त्यांना कुणी तरी नाही म्हटलं. मग त्यांनी गोठा म्हणून पाहिलं. गोठाही नाही. हायवेला ढाबा टाकताहेत का, अशी एक शंका मागच्या गल्लीतून आली. शेवटी ड्रायव्हरनेच खुलासा केला, "भो, हे पॉलिहाऊस हाये. टमाट्याचं." त्यावर गल्लीत जी शांतता पसरली ती साधारण कुणी गेल्याची बातमी आल्यावर पसरते तशी होती.

सौभाग्यवती दारातच उभ्या होत्या. त्यांचं माहेर बामणोद. भरताच्या वांग्यांबद्दल बामणोदच्या माणसाशी वाद घालू नये हे खानदेशात शाळेत न शिकवताही सगळ्यांना येतं. त्या म्हणाल्या, "आमच्या बामणोदची वांगी कोणत्या बंगल्यात राहतात?"

उत्तर माझ्याकडे होतं, पण ते कमानी उतरवून झाल्यावर देऊ असं ठरवलं. अजून सुचायचं आहे.

हा सांगाडा आला कुठून, हे सांगायला हवं. मध्यंतरी अनुदानावर महाराष्ट्रभर पॉलिहाऊसं उभी राहिली. निम्मा खर्च सरकारचा, उरलेला बँकेचा, आणि काळजी तेवढी शेतकऱ्याची. कुणी ढोबळी मिरची लावली, कुणी जरबेरा. मग एका मे महिन्यात वादळ आलं, कागद उडाला, तो पुन्हा टाकायला पैसे नव्हते. आणि तोवर लग्नाच्या स्टेजवर खऱ्या फुलांच्या जागी प्लॅस्टिकची फुलं येऊन बसली होती. प्लॅस्टिकच्या घरात वाढलेलं फूल प्लॅस्टिकच्या फुलानेच बाजारातून उठवावं, याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा. असे उघडे सांगाडे मग शेतात बरगड्या दाखवत उभे राहतात आणि एक दिवस भंगारवाल्याच्या काट्यावर चढतात. त्यातलाच एक कोपरा मी उचलला. तीस फूट लांब, वीस फूट रुंद, मधोमध दहा फूट उंच. वजन २७५ किलो, भाव किलोला ५५ रुपये, म्हणजे १५,१२५. भंगारवाल्याने वरचे पंचवीस सोडले. मला वाटलं, आता काय, वरून एक पन्नी टाकायची की झालं.

या "एक पन्नी टाकायची की झालं" मध्ये माझं पुढचं पाऊण वर्ष गेलं.

माझं आयुष्य मोजमापात गेलेलं आहे. वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत मी काडतुसं तपासायचो. ही फॅक्टरी १९६४ची. तिथे गेज असतात: एक "गो", एक "नो-गो". "गो"मध्ये माल गेलाच पाहिजे, "नो-गो"मध्ये जाता कामा नये. बत्तीस वर्षं हे केल्यावर माणसाला लग्नाच्या पंगतीतली पुरीसुद्धा अंगठ्याने चाचपून पाहायची सवय लागते. मी २०१९ला निवृत्त झालो. १ ऑक्टोबर २०२१ला देशातल्या ४१ ऑर्डनन्स फॅक्टऱ्यांच्या सात कंपन्या झाल्या आणि आमची फॅक्टरी म्युनिशन्स इंडिया लिमिटेडमध्ये गेली. सांगाडा तोच, पांघरूण नवं. सरकारला हे एका तारखेत जमलं.

मी आधी हिशेब मांडला. कमान अर्धवर्तुळाची, म्हणजे जमिनीपासून जमिनीपर्यंत साडेएकतीस फूट. गुणिले तीस. त्यात पुढचं आणि मागचं तोंड धरलं की साधारण ११७ चौरस मीटर. पॉलिहाऊसचा कागद २०० मायक्रॉनचा, त्यालाच दुकानात आठशे गेज म्हणतात. चार गेजला एक मायक्रॉन. या कागदाचा एक चौरस मीटर भरतो १८४ ग्रॅम. म्हणजे मला साडेएकवीस किलो कागद हवा. हे सगळं मी वहीत दोन रेघा मारून लिहिलं आणि दुकानात गेलो. उन्हाला टिकणारा यूव्हीचा कागद सुटा मिळत नाही, आख्खा रोल घ्यावा लागेल, असं दुकानदार म्हणाला आणि त्याने रोलची किंमत सांगितली. मी वहीतल्या दोन रेघांखाली तिसरी मारली आणि घरी आलो.

मग सल्ले सुरू झाले. वरणगावात सल्ल्याला नळाच्या पाण्यासारखी पाळी नसते, तो चोवीस तास येतो.

पहिला सल्ला फ्लेक्सचा. फ्लेक्स फुकट मिळतं. निवडणूक झाली, वाढदिवस झाला, की आख्ख्या गावाचं छप्पर होईल एवढं फ्लेक्स खांबांवरून उतरतं. एका उत्साही भाच्याने चार आणूनही दिली. ती आम्ही चढवली. आत अंधार. फ्लेक्समधून ऊन गाळून गाळून जेवढं आत येत होतं तेवढ्यात टमाटं नव्हे, फार तर वटवाघूळ वाढलं असतं. शिवाय एक भावी नगरसेवक नेमका उलटा आला. डोकं खाली, हात जोडलेले, आणि खाली माझी रोपांची ट्रे. सकाळी पाणी घालायला गेलं की ते वरून नमस्कार करायचे. तिसऱ्या दिवशी त्यांचाच माणूस आला आणि म्हणाला, "काका, साहेबांले सरळ तरी करा." मी साहेबांना पूर्ण उतरवलं.

दुसरा सल्ला काचेचा. तो देणारे गृहस्थ निवृत्त मास्तर आहेत, त्यांना इतिहासाची ओढ आहे. रोमचा बादशहा टायबेरियस याला रोज काकडी लागायची म्हणे. त्याच्या माळ्यांनी चाकांवरचे वाफे केले होते. दिवसा उन्हात ढकलत न्यायचे, थंडीत पारदर्शक दगडाच्या पातळ तावांखाली झाकायचे. काच तेव्हा अशा कामाची नव्हती. रोमन लेखक प्लिनीने हे लिहून ठेवलंय. मी ही हकिगत घरी उत्साहाने सांगितली. सौ. म्हणाल्या, "तो बादशहा होता. पेन्शनर नव्हता."

मास्तरांनीच मला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसची गोष्ट सांगितली आणि त्या दिवसापासून माझ्या सांगाड्याकडे पाहायची माझी नजर बदलली. १८५१च्या मोठ्या प्रदर्शनासाठी हाइड पार्कात ही लोखंडाची आणि काचेची इमारत उभी राहिली. बांधणारा जोसेफ पॅक्स्टन हा मुळात एका ड्यूकचा माळी. काचघरं बांधता बांधता त्याचा हात बसलेला. जवळजवळ तीन लाख काचा लागल्या. प्रदर्शन संपलं, इमारत सोडवली, आणि १८५४मध्ये सिडनहॅमला वाढवून पुन्हा उभी केली. म्हणजे जगातलं सर्वांत नामांकित हरितगृह आयुष्यातली ऐंशी-ब्याऐंशी वर्षं सेकंडहँड सांगाड्यावरच उभं होतं. १९३६ला आग लागून ते संपलं, हा भाग मी घरी सांगितला नाही.

आणि प्लॅस्टिक तरी आलं कुठून? अमेरिकेत केंटकी विद्यापीठातल्या एमर्ट नावाच्या प्राध्यापकाला काच परवडेना. १९४८मध्ये त्याने काचेऐवजी लाकडी चौकटीवर पातळ प्लॅस्टिक ताणलं. जगभरची आजची पॉलिहाऊसं त्याच्या वंशातली. हे वाचून मला फार बरं वाटलं. या शास्त्राचा मूळ पुरुषच बजेटवाला होता.

तेव्हा मी धीराने दुसऱ्या एका दुकानात गेलो. कोणतं ते सांगत नाही. तिथे दुधी रंगाची पन्नी होती, पावसाळ्यात पत्र्यावर टाकतात ती. "आठशे गेज हाये का?" "आठशेच हाये साहेब." भाव निम्म्याहून कमी. घरी आणली. आता, माझ्याकडे माझा स्वतःचा मायक्रोमीटर आहे. काही लोक निवृत्तीनंतर जपमाळ घेतात. लावला. एकशे दहा मायक्रॉन. म्हणजे चारशे चाळीस गेज. मी परत गेलो, मायक्रोमीटर काउंटरवर ठेवला. दुकानदाराने त्याच्याकडे लहान मुलाकडे पाहावं तसं पाहिलं आणि म्हणाला, "साहेब, थंडीत पन्नी आखडते." थंडीत आखडलेली वस्तू जाड होईल की पातळ, यावर आमचा अर्धा तास गेला. बत्तीस वर्षांत "नो-गो"मधून एक काडतूस मी पुढे जाऊ दिलं नाही, आणि पन्नी मात्र घेऊन आलो. स्वस्त होती.

दिवाळीनंतर ती चढली. थंडीत छान दिसायची. सकाळी आत शिरलं की चष्म्यावर धुकं यायचं. टमाट्याची रोपं हसरी. मी आत खुर्ची टाकून चहा प्यायचो. लेहला संरक्षण संशोधनवाल्यांनी जमिनीत चर खणून त्यावर प्लॅस्टिक झाकून उणे वीस अंशांत भाजी काढायची पद्धत रुळवली आहे. आमची काडतुसं तिकडच्या जवानांच्या पट्ट्यात गेलीच असतील. तिकडची युक्ती इकडे आली, असं मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होतो. एक केळीवाला शेतकरी ऐकून घेत म्हणाला, "पन भो, तिथं बर्फ हाये."

होळीला पन्नी गेली. ती कशी गेली ते मी जवळून पाहिलं, कारण रोज सकाळी मी तिला बोट लावून पाहत होतो. आधी पाइपच्या वरची रेघ पिवळट झाली. मग तिथे नखाने दाबलं की पापडासारखा तुकडा निघायला लागला. मधली पन्नी ठीक. फाटली ती नेमकी जिथे आधार होता तिथे. कारण उन्हातले अतिनील किरण प्लॅस्टिकच्या लांब साखळ्या तोडतात, आणि तापलेला पाइप त्या तोडकामाला मजूर पुरवतो. महाग कागदात यूव्ही स्टॅबिलायझर घालतात ते याचसाठी. धुळवडीला संध्याकाळी वारा सुटला आणि सातही कमानींवर पन्नी एकाच वेळी पोस्टाच्या तिकिटांसारखी फाटत गेली. तिचे तुकडे गल्लीत आठवडाभर सापडत होते. एक तर समोरच्या काकूंच्या वरणात निघाला, असं त्या म्हणतात. मी पाहिलेला नाही.

एवढ्यावर कुणी शहाणा माणूस थांबला असता. पण शहाण्या माणसाने २७५ किलो पाइप मुळात घेतलेच नसते.

रावेरकडे एक जण आपल्या चालू पॉलिहाऊसचा कागद बदलणार होता. यूव्हीचा कागदही तीन-चार वर्षांत मळतो, प्रकाश कमी देतो, मोठ्या बागायतदाराला तो बदलावाच लागतो. त्याचा उतरवलेला कागद मी मागितला. अंगात बळ होतं, पण धूळ आणि शेवाळ बसून ताकासारखा झालेला. त्याने संकोचाने विचारलं, "मळलेला चालंल का?" मला तर मळलेलाच हवा होता! इथे उन्हाळ्यात लोक नव्या कोऱ्या कागदावर वरून चुना मारतात, ऊन कमी करायला. मला तीन वर्षांचा चुना आयताच मिळत होता. सेकंडहँड सांगाड्याला सेकंडहँड कागद, पत्रिका जुळली.

या वेळी मी सगळं शास्त्राप्रमाणे केलं. पाइपला जिथे कागद टेकतो तिथे जुन्या धोतराच्या पट्ट्या गुंडाळल्या आणि वरून पांढरा रंग दिला, म्हणजे पाइप तापणार नाही. कडेला ॲल्युमिनियमचं प्रोफाइल, त्यात कागद घालून झिगझॅग स्प्रिंग बसवायची. ही स्प्रिंग म्हणजे नागमोडी तार. एक टोक दाबलं की दुसरं उडी मारतं. ती मनगटाने हलवत, डाव्या-उजव्या झोल्याने बसवावी लागते, आईने पोराला बंडी घालावी तशी. दिवस फार थंड नको, फार गरम नको. थंडीत ताणला तर उन्हात झोळ पडतो, भर उन्हात ताणला तर रात्री आखडून स्प्रिंगवर ओढ येते. आणि वारा तर नकोच. गल्लीतले आठ जण पहाटे जमवले. चार इकडे, चार तिकडे, मधे कागद धरलेला, अगदी अंतरपाट. फक्त मंगलाष्टकांच्या जागी मास्तर "ओढा, ओढा, सोडा!" म्हणत होते. आणि "शुभमंगल"च्या जागी दीपनगरच्या वीजकेंद्राच्या चिमण्यांकडून एक झुळूक आली.

नऊशे चौरस फुटांहून मोठ्या कागदाला झुळूक म्हणजे काय, ते ज्याने टोक धरलंय त्यालाच कळतं. आमच्यातल्या सर्वांत हलक्या गृहस्थांची चप्पल जमिनीवर राहिली. ते स्वतः कमानीच्या अर्ध्या उंचीपर्यंत जाऊन आले. खाली उतरल्यावर ते एकच वाक्य बोलले: "मले वरून बस स्टँड दिसलं." आजही कुणी वरणगावात नवं आलं की ते हे सांगतात. उंची दरवेळी वाढते. मागच्या महिन्यात त्यांना हतनूरचं धरणही दिसलं.

कागद बसला. ढोलासारखा वाजत होता. आणि एप्रिल लागला.

आता खरं सांगतो. भुसावळ-वरणगावच्या उन्हाळ्याला हरितगृह दाखवणं म्हणजे पहिलवानाला मुगदल हातात देणं. बाहेर ४४ अंश. आत मी पन्नास अंशांपर्यंतचा थर्मामीटर टांगला होता. साडेअकराला पारा वरच्या टोकाला टेकला आणि पुढे जायला जागा नाही म्हणून थांबला. काचघर तापतं ते काच उष्णतेचे किरण अडवते म्हणून, असं शाळेत शिकवतात. १९०९मध्ये आर. डब्ल्यू. वूड नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने दोन खोकी घेतली, एकावर काच लावली आणि दुसऱ्यावर त्या किरणांना वाट देणारं खनिज मिठाचं तावदान. दोन्ही जवळजवळ सारखीच तापली. म्हणजे मुख्य कारण कोंडलेली हवा. तापलेली हवा वर जाऊन निसटत नाही. सौ.ना मी हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "याले अमेरिकेला कशाले जायचं? आपल्या माजघरात बसवलं असतं त्याले."

दिवसा ३५ अंशांच्या वर टमाट्याची फुलं गळतात. माझी गळली. मी दोन्ही तोंडं उघडली, बाजू गुंडाळून वर केल्या. तरी गळली. मग मी एक गोष्ट केली जिचा उल्लेख घरात अजून होतो. मोठ्या पॉलिहाऊसात एका टोकाला ओले पॅड आणि दुसऱ्या टोकाला पंखे असतात. म्हणजे नीट पाहिलं तर काय? कूलर. मी एका दुपारी बेडरूममधला कूलर उचलून टमाट्यांना नेऊन लावला. त्या रात्री मी टमाट्यांसोबतच झोपलो. हा माझा निर्णय नव्हता.

सकाळी तडजोड झाली: कूलर परत, आणि वरून जुन्या साड्या. डाळिंबवाले बागेवर साड्या टाकतात, मग टमाट्यांनी काय घोडं मारलं? गल्लीतून नऊ साड्या जमल्या. टाकल्या आणि आतलं ऊन गुलाबी, हिरवं, मोरपंखी झालं. दुपारी बायका आत येऊन वर पाहत उभ्या राहायला लागल्या. "ही माह्या नणंदेच्या लग्नातली." "ही बाळंतपणातली, हिच्यावर हळदीचा डाग पाहा." एक अंजिरी रंगाची साडी कुणीच ओळखत नव्हतं, म्हणजे ओळखत होत्या सगळ्या, पण जिची होती ती आणि तिची जाऊ तेव्हा बोलत नव्हत्या. त्या साडीवरून मला गल्लीचा पंधरा वर्षांचा इतिहास कळला. काडतुसांच्या काळात मला यातलं काहीच माहीत नव्हतं.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात सौ.नी ज्वारी भिजत घातली. बिबड्यांचे, म्हणजे ज्वारीच्या पापडांचे दिवस. दरवर्षी गच्चीवर ओल्या कापडावर बिबडे टाकायचे, आणि मी काठी घेऊन कावळ्यांवर बसायचं, ही माझी उन्हाळी ड्यूटी. त्यातही वाऱ्याने धूळ, वर दीपनगरची राख, आणि माकडं आली तर सगळंच राम म्हणणार. या वर्षी त्या पातेलं घेऊन गच्चीच्या जिन्यापर्यंत गेल्या, थांबल्या, आणि पॉलिहाऊसकडे पाहू लागल्या. मला ती नजर ओळखू येते. आमच्या लग्नाआधी पाहायला गेलो तेव्हा त्यांच्या वडिलांची अशीच होती.

"आत कावळा येतो का?"

"नाही."

"धूळ?"

"नाही."

"त्या साड्या काढा वरच्या."

पहिला घाणा सकाळी नऊला पसरला. दुपारी एकला मी आत गेलो तर कापडावरून बिबडे आपसूक सुटून वाजत होते. गच्चीवर दोन दिवस लागायचे. संध्याकाळपर्यंत बातमी गल्लीभर. दुसऱ्या दिवशी समोरच्या काकू कुरडयांचा चीक घेऊन हजर, तिसऱ्या दिवशी नागलीचे पापड, चौथ्या दिवशी एकीची शेवयांची आणि दुसरीची उडदाच्या पापडांची पाळी लागली. दाराला एक वही टांगली गेली. सौ.च्या अक्षरात वेळा. मास्तरांच्या घरचा नंबर शुक्रवारी दुपारचा आहे. अंजिरी साडीवाली आणि तिची जाऊ या दोघी एकाच कापडावर सांडगे घालताना मी परवा पाहिल्या.

माझं टमाट्याचं एक झाड मात्र तगलं होतं. कोपऱ्यातल्या कुंडीत, उत्तरेला. त्याला दोन फळं धरली होती, सुपारीएवढी. मी मायक्रोमीटरने मोजत होतो तेव्हा मागून हाक आली.

"अहो, ती कुंडी बाहेर काढता का? बिबड्यांवर सावली पडतेय."